रिमाइंडर जातो, तरी पेशंट येत नाही: नेमकं कुठे अडतंय ते कसं शोधायचं

तक्रार बहुतेक दवाखान्यांतून एकाच चालीवर येते. अपॉइंटमेंटच्या आदल्या दिवशी आपोआप मेसेज जाईल अशी सोय केली, सुरुवातीला गैरहजेरी कमी झाली, रिसेप्शनवर सगळ्यांना हायसं वाटलं, आणि काही महिन्यांत येरे माझ्या मागल्या. सकाळच्या यादीत पुन्हा रिकाम्या जागा. डॉक्टर मोकळे बसलेत आणि त्याच वेळी फोनवर कुणीतरी कळवळून विचारतंय, "जरा लवकरची वेळ मिळेल का?" त्यांना उत्तर मिळतं, "नाही हो, या आठवड्यात सगळं भरलंय."

मग मेसेज वाढवले जातात. एकाचे दोन, दोनाचे तीन. माझा याला ठाम विरोध आहे. मेसेज आधी निघावा लागतो, मग तो पोहोचावा लागतो, वाचणाऱ्याला कळावा लागतो, आणि कळल्यावर त्याला तुम्हाला काहीतरी सांगता यावं लागतं. यातलं कुठे अडलंय हे न बघता मेसेज वाढवत राहणं म्हणजे पेशंटला न तपासता गोळ्यांचा डोस वाढवण्यासारखं आहे.

आधी आकडा खरा आहे का ते बघा

"न आलेले" म्हणून जे मोजलं जातं, त्यात बरेचदा भलतंच काही मिसळलेलं असतं. कुणी आदल्या संध्याकाळी फोन करून रद्द केलेलं असतं, पण रिसेप्शनने ते सॉफ्टवेअरमध्ये टाकलेलं नसतं. कुणी आलेला असतो, तपासूनही गेलेला असतो, पण गर्दीत त्याच्या नावापुढे 'आला' अशी खूण करायची राहून जाते. कुणी अर्धा तास उशिरा आला म्हणून त्याला दुसरी वेळ दिली, आणि पहिली नोंद तशीच लटकत राहिली. रिकाम्या राहिलेल्या नोंदी केसपेपरशी ताडून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दुसरं, सगळ्यांची सरासरी काढू नका. पहिल्यांदा येणारे आणि फॉलो-अपचे वेगळे मोजा. आठवड्याच्या आत वेळ मिळालेले आणि दोन-तीन महिन्यांनंतरची वेळ मिळालेले वेगळे मोजा. लांबच्या तारखांमध्येच गैरहजेरी साचलेली असेल, तर आदल्या दिवशीच्या मेसेजने फारसा फरक पडणार नाही. तोपर्यंत पेशंट बरा झालेला असतो, किंवा दुसऱ्या डॉक्टरकडे गेलेला असतो.

मग न आलेल्यांची यादी घेऊन बसा

गेल्या महिनाभरात न आलेल्यांची यादी छापून घ्या आणि प्रत्येक नावापुढे एकच गोष्ट लिहा: याचा रिमाइंडर कोणत्या टप्प्यापर्यंत गेला? निघालाच नाही, निघाला पण पोहोचला नाही, पोहोचला पण उपयोगी पडला नाही, की वाचला आणि तरी आला नाही? पहिले दोन टप्पे मेसेजच्या नोंदींवरून कळतात. उरलेल्यांसाठी फोन उचलावा लागतो. शांतपणे, जाब न विचारता: "त्या दिवशी येणं जमलं नाही का? आमचा मेसेज मिळाला होता का?" हे काम एका दुपारीत होतं, आणि कोणत्याही रिपोर्टपेक्षा त्यातून जास्त कळतं. ज्या गटात नावं जास्त, तिथून दुरुस्तीला हात घाला.

मेसेज निघालाच नाही

हा गट अपेक्षेपेक्षा मोठा निघतो. सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे अपॉइंटमेंट सॉफ्टवेअरमध्ये नसतेच. डॉक्टरांनी तपासता तपासता "पुढच्या गुरुवारी या" म्हटलं आणि ते केसपेपरवर राहिलं. किंवा फोनवर आलेली वेळ वहीत लिहिली, "नंतर टाकू" म्हणून. वही आणि संगणक दोन्ही चालू ठेवणाऱ्या दवाखान्यात रिमाइंडर कधीच पूर्ण लागू होत नाही. एकच यादी ठेवा.

दुसरं कारण जरा आतलं आहे. बहुतेक सोप्या व्यवस्थांमध्ये रोज ठरलेल्या वेळी, समजा सकाळी १० वाजता, एक काम आपोआप चालतं: उद्याच्या सगळ्या अपॉइंटमेंट गोळा करायच्या आणि मेसेज पाठवायचे. आता दुपारी ४ वाजता कुणी उद्या सकाळची वेळ घेतली, तर? आजचं काम होऊन गेलेलं असतं, आणि उद्याच्या कामात परवाची यादी असते. या माणसाला मेसेज जातच नाही. हेच काम जागतिक वेळेवर म्हणजे यूटीसीवर चालणाऱ्या सर्व्हरवर असेल, तर 'उद्या' कधी सुरू होतं याचा हिशेबही तुमच्या घड्याळाशी जुळत नाही. मग भल्या सकाळच्या किंवा रात्री उशिराच्या अपॉइंटमेंट चुकीच्या दिवसात मोजल्या जातात. यादी तपासताना न आलेले लोक दिवसाच्या एकाच टोकाला साचलेले दिसले, तर आधी हाच संशय घ्या.

यावर उपाय असा: 'उद्याची यादी' ही पद्धत सोडून प्रत्येक अपॉइंटमेंटसाठी मेसेजची वेळ वेगळी ठरवायला सांगा, आणि मेसेज गेला की त्या नोंदीवर 'पाठवला' अशी खूण होऊ द्या. दर थोड्या वेळाने व्यवस्थेने बघायचं की कुणाची वेळ झाली आहे आणि खूण नाही. रिमाइंडरची वेळ टळून गेल्यावर अपॉइंटमेंट घेतली गेली असेल, तर त्याच क्षणी वेळ पक्की झाल्याचा मेसेज जाऊ द्या. या खुणेचा आणखी एक फायदा आहे. मध्येच सर्व्हर बंद पडून पुन्हा सुरू झाला, तरी कुणाला दोनदा मेसेज जात नाही आणि कुणी सुटतही नाही. वेळ बदलली की मात्र जुनी खूण पुसली गेली पाहिजे. नाहीतर पेशंटला जुन्याच वेळेचा मेसेज मिळालेला राहतो, आणि तो प्रामाणिकपणे त्या वेळेला येऊन उभा राहतो.

निघाला, पण पोहोचला नाही

मेसेज पाठवणाऱ्या सेवेचा रिपोर्ट उघडा आणि 'स्वीकारला' व 'पोहोचला' या दोन अवस्था वेगळ्या दिसतात का ते बघा. सेवेने मेसेज स्वीकारला म्हणजे तो पेशंटच्या फोनवर गेला असं होत नाही. अनेक दवाखान्यांच्या पडद्यावर फक्त 'पाठवला' अशी हिरवी खूण दिसते आणि सगळे निश्चिंत असतात. पोहोचल्याची पावती मागून घ्या. सेवा ती देत नसेल, तर सेवा बदला.

नंबरांकडे तर डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं. आंतरराष्ट्रीय पद्धतीत देशाच्या कोडासह नंबर जास्तीत जास्त १५ अंकांचा असतो आणि त्याआधी अधिकचं चिन्ह येतं. पण यादी एक्सेलमधून आणली की तेच चिन्ह गळतं, सुरुवातीचं शून्य उडतं, कधी लांब नंबराचे शेवटचे अंक शून्य होऊन बसतात. काही नंबर लँडलाइनचे असतात. आणि एक गोष्ट मी वारंवार पाहिली आहे: सॉफ्टवेअर नंबराशिवाय पुढे जाऊ देत नाही, पेशंटला स्वतःचा नंबर पाठ नसतो, मागे रांग वाढत असते, मग रिसेप्शनवरची व्यक्ती दवाखान्याचाच नंबर टाकून मोकळी होते. नंबरांच्या यादीत एकच नंबर किती वेळा आला आहे ते मोजा. जो सगळ्यांत वर येईल, तो बहुधा तुमच्याच टेबलावर वाजत असतो. यात त्या कर्मचाऱ्याला बोल लावण्यात अर्थ नाही. रकाना रिकामा सोडायची मुभा द्या, आणि नंबर नसलेल्यांची यादी रोज वेगळी दिसू द्या.

मराठीत मेसेज पाठवणाऱ्यांसाठी आणखी एक मुद्दा. साध्या रोमन लिपीतल्या एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात. देवनागरीतलं एक जरी अक्षर आलं, तरी पूर्ण मेसेज युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्या सामावणाऱ्या संकेतपद्धतीत, जातो आणि मर्यादा ७० वर येते. त्याहून लांब झाला तर तुकडे पडतात, आणि प्रत्येक तुकड्यात ६७ चिन्हं बसतात. रोमन लिपीत तुकड्याला १५३. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार ही सगळी वेगवेगळी चिन्हं धरली जातात, त्यामुळे 'अपॉइंटमेंट' हा एकच शब्द १० जागा खातो. म्हणून मराठी सोडून द्या असं मी मुळीच म्हणणार नाही. आपल्या भाषेतला मेसेज घरातल्या कुणालाही वाचता येतो. फक्त मजकूर दोन तुकड्यांत, म्हणजे १३४ चिन्हांत बसवा. असा:

"तुमची अपॉइंटमेंट सोमवार १४ जुलै, सकाळी १०:३० वाजता आहे. येणार असाल तर १, येणं जमणार नसेल तर २ पाठवा."

हा मजकूर सुमारे १०० चिन्हांचा आहे. दवाखान्याच्या नावाला जागा उरते.

पोहोचला, पण उपयोगी पडला नाही

वरच्या मजकुरात 'उद्या' हा शब्द नाही, तो मुद्दामच गाळला आहे. रात्री ९ वाजता गेलेला मेसेज कुणी सकाळी उठून वाचला की 'उद्या' एक दिवस पुढे सरकतो. तारीख ०३/०४ अशी लिहिली तर कुणी ३ एप्रिल वाचतो, कुणी ४ मार्च. १२ वाजता म्हणजे दुपारी, हे आपल्याला माहीत असतं, मेसेजला नसतं. वार, तारीख, महिन्याचं नाव आणि सकाळ-दुपार-संध्याकाळ, एवढं लिहिलंच पाहिजे. दवाखान्याच्या दोन शाखा असतील तर कुठे यायचं तेही.

एका घरात एकच नंबर तिघांच्या केसपेपरवर असतो, हेही लक्षात घ्या. सासूबाईंचा फॉलो-अप, सुनेची तपासणी आणि नातवाची लस, सगळ्यांचे मेसेज मुलाच्या फोनवर. "तुमची अपॉइंटमेंट" म्हटल्यावर कुणाची? अशा नंबरांसाठी पेशंटचं पहिलं नाव घालावं. पण नावाबरोबर विभाग किंवा आजार कधीही घालू नये. मेसेज कुलूपबंद पडद्यावरही दिसतो, आणि तो फोन टेबलावर, ऑफिसात, नातेवाइकांच्या हातात असतो. मानसोपचार, एचआयव्ही, गर्भधारणा यांचा उल्लेख असलेला एक मेसेज एखाद्याचं घर हलवून टाकू शकतो. दवाखान्याच्या नावातच विभाग असेल, तर नुसतं डॉक्टरांचं नाव किंवा पेशंटशी ठरवलेलं दुसरं नाव वापरा. नोंदणीच्या वेळीच विचारा: मेसेज कोणत्या नंबरवर, कोणत्या भाषेत, आणि नाव घालून चालेल का?

मेसेज अनोळखी वाटला तरी तो वाया जातो. लिंकवर दाबू नका असं लोकांना सगळीकडे सांगितलं जातं, आणि ते योग्यच आहे. मग आपणच अगम्य छोटी लिंक पाठवायची आणि त्यांनी ती उघडायची, ही अपेक्षा चुकीची. आकडा पाठवून उत्तर देता आलं की लिंकची गरजच राहत नाही. वाचता न येणाऱ्यांसाठी किंवा अक्षरं दिसत नसलेल्या ज्येष्ठांसाठी आवाजी फोन ठेवा. त्यात सुरुवातीलाच दवाखान्याचं नाव यावं, नाहीतर जाहिरात समजून फोन ठेवला जातो.

वेळेचं म्हणाल, तर एकाच मेसेजने दोन कामं होत नाहीत. तीन-चार दिवस आधीचा मेसेज पेशंटला वेळ बदलायची संधी देतो आणि तुम्हाला ती जागा दुसऱ्याला द्यायची. आदल्या दिवशीचा मेसेज आठवण करून देतो. लांबच्या तारखांसाठी आठवडाभर आधी सरळ विचारा: "अजून यायचं आहे का?" उपाशीपोटी करायच्या तपासण्यांचा मेसेज मात्र आदल्या संध्याकाळी, रात्रीच्या जेवणाआधी पोहोचलाच पाहिजे, आणि किती तास काही खायचं नाही ते त्यात हवं. सकाळी नाश्ता करून आलेल्या पेशंटची वेळही वायाच जाते. ती गैरहजेरीच्या आकड्यात दिसत नाही एवढंच.

वाचला, कळला, तरी आला नाही

माझ्या मते बहुतेक दवाखान्यांचं घोडं इथे अडतं. या गटातल्या पेशंटना फोन केल्यावर ऐकू येतं ते असं: "मेसेज आला होता, पण त्या दिवशी जमणार नव्हतं. कळवायला फोन केला, लागला नाही." किंवा, "त्याच मेसेजला उत्तर दिलं होतं की!" उत्तर दिलेलं असतं खरंच. ते अशा नंबरवर जातं जिथे कुणी बघत नाही. किंवा व्यवस्थेत 'आलेली उत्तरं' नावाचं एक पान असतं, जे बसवल्या दिवसापासून कुणी उघडलेलं नसतं. ते पान आजच उघडा. न आलेल्या कितीतरी जणांनी आपल्याला आधी सांगितलं होतं, हे तिथे दिसेल.

रिमाइंडरचं निम्मं काम रद्द करणं सोपं करण्याचं आहे. आधी कळलेली रद्द वेळ दुसऱ्याला देता येते, न कळवता चुकलेली देता येत नाही. म्हणून '२' आला की ती जागा ताबडतोब मोकळी दिसली पाहिजे, पेशंटला "नोंद घेतली, नवी वेळ हवी असल्यास या नंबरवर फोन करा" असं उत्तर गेलं पाहिजे, आणि लवकरची वेळ मागणाऱ्यांची यादी रिसेप्शनच्या हाताशी असली पाहिजे. लोक आकडा रोमनमध्ये टाकतील, देवनागरीत टाकतील, 'हो', 'येतो', 'नाही जमणार', 'ओके' असं लिहितील, नुसता अंगठा पाठवतील. ओळखता येतील तेवढी उत्तरं व्यवस्थेने ओळखावीत, उरलेली माणसाने रोज ठरलेल्या वेळी वाचावीत. हे काम कुणाचं, ते नावानिशी ठरवा.

याविषयीचं संशोधनही विचार करण्याजोगं आहे. २०१३ च्या कोक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या अभ्यासात, काहीच न पाठवण्यापेक्षा एसएमएसने उपस्थिती वाढल्याचं आढळलं, आणि त्याचा परिणाम फोनवरून दिलेल्या आठवणीइतकाच होता. पण २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका बाह्यरुग्ण विभागाच्या चाचणीत वेगळं चित्र होतं. आठवण न दिलेल्यांत २३.१ टक्के आले नाहीत, आपोआप फोन गेलेल्यांत १७.३ टक्के, आणि कर्मचाऱ्याने स्वतः फोन केलेल्यांत १३.६ टक्के. सगळ्यांना फोन करायला माणसं कुठून आणायची, हा प्रश्न रास्त आहे. पण सगळ्यांना करायची गरजच नाही. आपोआप मेसेज सगळ्यांना, आणि माणसाचा फोन फक्त त्यांना ज्यांचा मेसेज पोहोचला नाही किंवा ज्यांनी उत्तर दिलं नाही. ही यादी छोटी असते, आणि यंत्रणा ती स्वतः काढून देते.

मजकुराच्या शब्दांनीही फरक पडतो. लंडनच्या बार्ट्स हेल्थ या सरकारी रुग्णालय-समूहात झालेली चाचणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. नेहमीच्या मेसेजवर ११.१ टक्के लोक आले नाहीत. न आल्यास आरोग्यसेवेचं सुमारे १६० पौंडांचं नुकसान होतं असं नेमकं लिहिल्यावर ते प्रमाण ८.४ टक्क्यांवर आलं. सगळीकडे हेच वाक्य चालेल असं नाही, विशेषतः जिथे पेशंट स्वतः पैसे मोजतो तिथे. "तुमची वेळ दुसऱ्या पेशंटला देता येईल" हे वाक्य मला जास्त पटतं. पण पटण्यावर जाऊ नका. एका महिन्यात निम्म्या पेशंटना एक मजकूर, निम्म्यांना दुसरा पाठवून मोजा.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. उत्तर आलं नाही म्हणून अपॉइंटमेंट आपोआप रद्द करू नका. काही सॉफ्टवेअरमध्ये ही सोय असते आणि ती मोहात पाडते. पण उत्तर न देणाऱ्यांत वाचता न येणारे असतात, रिचार्ज संपलेले असतात, आजारपणाने थकलेले असतात. ते गाडी बदलत, लेकराला कडेवर घेऊन येतात आणि त्यांना कळतं की आपली वेळ दुसऱ्याला दिली. असा पेशंट पुन्हा येत नाही, आणि त्याला येण्याची सर्वांत जास्त गरज असते.

जिथे रिमाइंडर पुरा पडत नाही

सगळं दुरुस्त केल्यावरही काही नावं यादीत पुन्हा पुन्हा येतील. रिपोर्टची भीती, कामावरून सुटी न मिळणं, सोबत यायला कुणी नसणं, आधीच्या वेळी तासन् तास ताटकळावं लागणं. यातलं शेवटचं कारण दवाखान्याच्या हातात आहे. १०:३० ची वेळ देऊन १ वाजता आत घेणाऱ्या दवाखान्याचा रिमाइंडर लोक मनावर घेत नाहीत. बाकीच्यांसाठी दंड लावण्याआधी ती नावं डॉक्टरांसमोर ठेवा. मधुमेह, रक्तदाब, क्षयरोग किंवा गरोदरपणाची तपासणी चुकवलेला पेशंट हिशेबातली रिकामी जागा म्हणून सोडून देता येत नाही. लहान मूल आलं नसेल, तर ते स्वतः राहिलेलं नाही, त्याला कुणी आणलेलं नाही, आणि ती चौकशी वेगळी करावी लागते.

पुन्हा बिघडू नये म्हणून

व्यवस्था गुपचूप बिघडते. मेसेजची शिल्लक संपते, सेवा देणाऱ्याकडे मंजूर मजकूर बदलतो, सॉफ्टवेअर अद्ययावत झाल्यावर वेळेची सेटिंग मूळपदावर जाते, आणि कुणालाच कळत नाही. म्हणून दर आठवड्याला एक चाचणी-पेशंट नोंदवा, ज्याचा नंबर रिसेप्शनवरच्याच कुणाचा तरी असेल. मेसेज आला का, वेळेवर आला का, मजकूर तुटला का, आणि '२' पाठवल्यावर जागा खरंच मोकळी झाली का, एवढं बघा. एकदा या चाचणी-पेशंटची वेळ बदलूनही बघा, बरेच दोष तिथेच सापडतात. रोज सकाळी तीन आकडे एका कागदावर लिहा: आजच्या अपॉइंटमेंट किती, त्यांपैकी मेसेज किती पोहोचले, उत्तरं किती आली. पहिल्या दोन आकड्यांत अंतर पडायला लागलं की त्याच दिवशी सेवा देणाऱ्याला फोन करा, महिनाअखेरच्या रिपोर्टची वाट बघू नका.